चहाचा डबा सापडेना

नोकरीत हाताळलेली पुष्कळ प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली घरफोडी कुठल्या गावातली, असे कुणी विचारले तर मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण र्युसेल्सहाइममधल्या एका लहानशा घरातली ती सकाळ आणि स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधणारी ती बाई मी अजून जशीच्या तशी उभी करू शकतो. त्या प्रकरणात रक्त सांडले नाही, कुणी फरार झाले नाही, बँकेचा एक पैसाही बुडाला नाही. तरी कुठल्याही खुनापेक्षा ते मला जास्त दिवस छळत राहिले. गुन्हा समोर दिसत होता, आणि त्यात फायदा कुणाचा झाला तेच दिसत नव्हते.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल की जर्मन पोलिसांत हा मराठी माणूस शिरला कुठून. माझे वडील साताऱ्याहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून आले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. उंबरठ्याच्या आत मराठीच बोलायचे, हा आईचा कायदा. साताऱ्याच्या आजीला पत्र मीच लिहायचे आणि शुद्धलेखन चुकले की पुन्हा लिहायचे. पुढे शिक्षण सगळे जर्मनमध्ये झाले. हेसेन राज्याच्या पोलिसांत भरती झालो आणि गुन्हे शाखेच्या फसवणूक विभागातून निवृत्त झालो. "नको तिथे नाक खुपसतोस" म्हणून आई लहानपणी धपाटे घालायची. सरकारने पुढे त्याच नाकाला पगार दिला.

तर त्या प्रकरणाची टीप फोनवर आली. ठाण्यात अशा टिपा रोज येतात. टीप देणारा बहुतेक वेळा चिडलेला तरी असतो, नाहीतर जळणारा. शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवले की त्याने चुकवलेला कर लोकांना एकदम आठवतो. हा फोन मात्र वेगळा होता. फोन घेणाऱ्याने नोंद केली होती ती अशी: वयस्कर पुरुष, उच्चार परदेशी, नाव सांगितले नाही, बोलणे अतिशय सभ्य. म्हणणे एवढेच, की अमुक रस्त्यावरच्या अमुक घरावर सरकारी हमीचे कर्ज आहे, पण मालक तिथे राहत नाही. तो तिथे राहिला पाहिजे. कृपया काहीतरी करा. फोन ठेवताना त्या माणसाने आभार मानले आणि तुम्ही कधी येणार, असेही विचारले.

मालकाला पकडा म्हणणारे मी खूप ऐकले होते. मालकाला त्याच्याच घरात राहायला लावा म्हणणारा हा पहिलाच.

सरकारी हमीचे कर्ज म्हणजे काय, ते इथे सांगितले पाहिजे, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. जर्मनीत घर घ्यायला गेलात की बँक आधी विचारते, तुमचे स्वतःचे किती आहेत? मग तुमची पतनोंद काढते. विद्यार्थी असताना एखाद्या फोन कंपनीचे बिल राहिले असेल तरी तो डाग तिथे दिसतो. नुसती भाड्याची खोली हवी असली तरी घरमालक हीच नोंद मागतो. ज्यांच्याकडे शिल्लक कमी आहे किंवा नोंदीवर असा बारीक डाग आहे, पण नोकरी धड आहे, अशांना पहिले घर घेता यावे म्हणून राज्य सरकार बँकेकडे हमी राहते. ह्याने हप्ते बुडवले तर आम्ही भरू, असे सरकार म्हणते. त्या बदल्यात सरकारची मुख्य अट एकच. कर्ज घेणाऱ्याने आपल्या कुटुंबासह त्या घरात स्वतः राहायचे. घेऊन दुसऱ्याला द्यायचे नाही. तसे कुणी केले आणि राहतो म्हणून खोटे लिहून दिले, तर ती फसवणूक.

मालकाचे नाव पाहिले तर ते मराठी. मी सरळ साहेबांकडे गेलो.

"तेही मराठी, मीही मराठी. प्रकरण मला द्यायचं का, ते तुम्ही ठरवा."

"तू ओळखतोस त्यांना?"

"नाही."

"मग? मी बव्हेरियाचा आहे. मी काय बव्हेरियन लोकांना अटक करत नाही?"

एवढ्यावर प्रकरण माझ्याकडे आले. जोडीला एक तरुण जर्मन सहकारी दिली. हुशार मुलगी, कामाला चोख. पण प्रश्नांची यादी संपली की चौकशी संपली, असे मानणारी.

आम्ही बाहेरून माहिती काढली. मालक पस्तिशीचा अभियंता, डार्मश्टाटला शिकलेला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. बायको, दोन लहान मुले. हप्ते वेळच्या वेळी जात होते. रहिवासी नोंदणीच्या कार्यालयात चौघांचाही पत्ता त्याच घराचा होता. घंटीवर नाव त्यांचेच. शेजारी एक निवृत्त गृहस्थ कुंपणाची झुडपे कापत होते, त्यांना सहकारीने विचारले, इथे ते भारतीय कुटुंब राहते ना?

"हो, हो. फार चांगले लोक. कधी तरुण जोडपं दिसतं, कधी आजी-आजोबा. संध्याकाळी स्वयंपाकाचा वास काय सुरेख येतो! आणि रविवारी गवत कापत नाहीत."

जर्मनीत रविवारी यंत्रांचा आवाज करायचा नसतो, आणि शेजाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. गाडीत बसल्यावर सहकारी म्हणाली, "फाइल बंद करू या. कुणीतरी खोडी काढलेली दिसते."

"असेल. पण खोडी काढणारा माणूस आभार मानत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आत जाऊन बघायचंय."

अशा प्रकरणात लोकांना ठाण्यावर बोलावतात. आम्ही पत्र पाठवून घरी येऊ का, असे विचारले. नको म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. ते या म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा नवरा-बायको दोघेही घरी होते, मुले शाळेत. घर छोटे, पण टापटीप. वर मुलांचे दोन पलंग, खेळण्यांची टोपली, भिंतीवर चित्रे. देव्हाऱ्यात ताजी फुले. सहकारीने यादीप्रमाणे प्रश्न विचारले आणि अभियंत्याने पटापट उत्तरे दिली. तिचा एक ठेवणीतला प्रश्न होता, पिवळ्या पिशवीतला प्लास्टिकचा कचरा कोणत्या वारी उचलतात? भल्याभल्यांची इथे दांडी उडते. ह्याने वार सांगितलाच, वर सुट्टीच्या आठवड्यात तो कसा बदलतो तेही सांगितले. सहकारीने वही मिटली. आम्ही उठलो. मीही मनात म्हटले, चला, आपल्या नाकाने या वेळी दगा दिला.

आणि ती बाई मला मराठीत म्हणाली, "असं कसं? चहा घेतल्याशिवाय कसे जाता?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला नंतर कळला.

"नको ताई. आम्ही कामावर आहोत."

"अहो, पहिल्यांदा आलात. आमच्या घरातून असं कोरड्या तोंडानं कुणी जात नाही. थोडासाच टाकते, अर्धा अर्धा कप."

ती दोन मिनिटे गप्प बसली असती तर आम्ही निघून गेलो असतो आणि फाइल कपाटात गेली असती. गुन्हेगार सामान डोळ्यांआड करतात, माणसे पढवतात, पण दारी आलेल्या पोलिसाला चहा न विचारता घालवणे आपल्या माणसाला जमत नाही. खरे सांगायचे तर मलाही चहा हवा होता. ठाण्यातल्या यंत्राची कॉफी पिऊन माझी जीभ मेली होती. मी बसलो. मी बसलो म्हणून सहकारीही नाइलाजाने बसली.

स्वयंपाकघर त्याच खोलीच्या एका बाजूला होते. बाईने पातेल्यात पाणी घेतले आणि फळीवरचा कॉफीचा डबा उघडला. आत सुक्या मिरच्या. तिने तो लावून बिस्किटांचा निळा डबा उघडला. आत दोऱ्याची रिळे आणि बटणे. आइस्क्रीमचा डबा उघडला, त्यात साबुदाणा.

"अय्या, कुठे ठेवला मी मेला डबा," ती हसून म्हणाली. कान लाल झाले होते.

सहकारीला यात काही वावगे दिसले नाही. पोलिस बसले आहेत म्हणून बाई गोंधळली, असे तिला वाटले. पण मी आईच्या हाताखाली वाढलेला. आपल्या स्वयंपाकघरात डब्यावर जे छापलेले असते ते आत कधी नसते, हे मला पक्के ठाऊक. आमच्या घरी कोकोच्या डब्यात हिंग असे आणि मार्मालेडच्या बाटलीत मेतकूट. माझी बायको जर्मन. तिने सासूकडून मराठी फारशी उचलली नाही, पण ही विद्या मात्र पुरती उचलली. मला आजही आमच्या घरात बेसन सापडत नाही. अशा स्वयंपाकघरात कशात काय आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते, ज्याने ते भरले त्याला. त्या माणसाचा हात डोळे मिटूनही बरोबर डब्यावर पडतो. आणि इथे तर घरची बाई पाहुण्यासारखी एकेक झाकण उघडून बघत होती.

नवरा मदतीला उठला. त्याने ओव्हन उघडला. आत कढया आणि तवे रचलेले. चहा शेवटी सापडला तो काकडीच्या लोणच्याच्या बरणीत. मग शेगडी पेटेना. काचेची शेगडी, बटण दाबले की नुसती टुंग टुंग वाजायची. दोघांनी आळीपाळीने दाबून पाहिले. शेवटी माझी सहकारी उठली.

"लाल दिवा दिसतोय ना? मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूप आहे. हे असं थोडा वेळ दाबून धरायचं. माझ्याकडे हीच शेगडी आहे."

शेगडी सुरू झाली. सहकारी वळली आणि तिने माझ्याकडे पाहिले. तिलाही आता कळले होते. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला स्वतःची शेगडी पेटवता येत नाही, हे समजायला मराठी असावे लागत नाही.

चहा मात्र फक्कड झाला होता. मी तो पूर्ण प्यायलो. मग कप खाली ठेवला आणि कायद्याने जे सांगावे लागते ते जर्मनमध्ये सांगितले. इथून पुढे तुमच्याकडे संशयित म्हणून पाहिले जाईल, बोलायची सक्ती नाही, वकील बोलावू शकता. दोघांनी माना डोलावल्या. नंतर मी मराठीत एकच विचारले.

"ताई, हे स्वयंपाकघर कुणाचं आहे?"

तिचे डोळे भरून आले. नवरा जमिनीकडे बघत उभा होता.

"सांगून टाक रे," ती त्याला म्हणाली. "मला नाही जमत हे."

"काकूंचं," तो म्हणाला.

मग त्याने सगळे सांगितले. तो डार्मश्टाटला शिकायला आला त्या वर्षी भारतात त्याचे वडील वारले आणि घरून पैसे येणे बंद झाले. फोनचे ते थकलेले बिलही तेव्हाचेच. विद्यापीठाजवळ एका मराठी जोडप्याचे भारतीय किराण्याचे दुकान होते. त्यांना मूलबाळ नव्हते. हा मुलगा दुकानात येऊन सगळ्यात स्वस्त काय आहे ते बघून परत जातो, हे काकूंनी दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेऊन ताटावर बसवले. दोन हिवाळे तो रोज तिथे जेवला. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. आणि मग काकांचे दुकान बुडाले. समोरचा रस्ता खोदून ठेवला होता, गिऱ्हाईक फिरकेना, आणि दुकानाच्या कर्जावर काकांची स्वतःची सही होती. त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. तेवढ्यात घरमालकाच्या मुलाला राहायला जागा हवी झाली आणि काका-काकूंना घर सोडावे लागले. दिवाळखोराला नवी जागा कोण देणार? प्रत्येक घरमालक पतनोंद मागायचा, आणि नोंद पाहिली की नम्रपणे नाही म्हणायचा.

"म्हणून मी हे घर घेतलं," अभियंता म्हणाला. "दुसऱ्यांसाठी घेतो म्हटलं असतं तर हमी मिळाली नसती. हमीशिवाय मला कर्ज कोण देणार? राहतो म्हणून लिहून दिलं. आम्ही डार्मश्टाटलाच आहोत, दोन खोल्यांत. काका-काकूंना मी इतकंच सांगितलं, की कागदोपत्री आम्ही इथे राहतो. कुणी विचारलंच तर तसं म्हणा."

"भाडं घेता?"

त्याने अशा नजरेने पाहिले की हा प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली. पण तो विचारणे माझे काम होते.

"आता कुठे आहेत ते दोघं?"

"माइन नदीच्या काठावर. बाकावर बसलेत. तुम्ही गेलात की फोन करणार होतो."

बाहेर हाडे गोठवणारी थंडी होती. मी म्हटले, आधी त्यांना घरी आणा.

काकू आल्या, ठेंगण्या, स्वेटरवर शाल, नाक लाल झालेले. पोलिस बसलेले पाहूनही त्यांचे लक्ष आधी ओट्याकडे गेले आणि त्यांनी बरणीचे झाकण घट्ट लावले. काका उंच, ताठ, गळ्यात मफलर. ते नुसते त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी तेच काका ठाण्यात आले, एकटे. इस्त्रीचा कोट घातला होता. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "फोन मी केला होता."

मी पेन खाली ठेवले.

"तुम्ही? कशासाठी?"

"त्याला त्याच्या घरात राहायला मिळावं म्हणून. साहेब, ते पोर हप्ता इथला भरतं आणि भाडं तिथलं भरतं. त्याची मुलं एका खोलीत एकमेकांच्या अंगावर झोपतात. आणि मी त्याच्या बागेत टोमॅटो लावतो! दहा वेळा म्हटलं, आम्ही जातो. तो म्हणतो, कुठे जाल? खरंच आहे, कुठे जाणार? मग विचार केला, पोलिसांनी बाहेर काढलं तर कुणाचाच इलाज नाही. आपण काढलं असं त्याला वाटणार नाही, आणि आम्ही रुसून गेलो असंही वाटणार नाही."

"आणि तुम्ही कुठे जाणार होतात?"

"बेघरांसाठी नगरपालिकेचं काहीतरी असतं ना?"

"काकूंना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी त्यांना समजावले. त्यांना वाटत होते की गुन्हा आपला, कारण परवानगी नसलेल्या घरात राहतोय आपण. मी सांगितले, काका, तुम्ही कुठेही खोटं लिहून दिलेलं नाही. सही त्याची आहे. आरोपी तो आहे. खटला झाला आणि शिक्षा लागली तर तो डाग त्याच्या नावावर बसेल. त्याने इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, तोही अडकेल.

ते घाईघाईने म्हणाले, "मग मी तक्रार मागे घेतो. द्या कागद, सही करतो."

"इथे ती मागे घेता येत नाही. एकदा कळलं की आम्हाला तपास करावाच लागतो."

"आपल्याकडे भारतात घेता येते."

"तिथेही नुसती टीप देणाऱ्याला येत नाही, काका."

"म्हणजे मी त्या पोराला..." मफलरचे टोक हातात घट्ट धरून ते बसून राहिले. मी आरोपींना रडताना पाहिले होते, फिर्यादींनाही पाहिले होते. पण दुसऱ्याचे भले करायला जाऊन त्याचाच गळा आवळला गेला, हे कळलेला माणूस इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांची फार दया आली, आणि ती दाखवायची सोय नव्हती.

शिवाय आणखी एक गोष्ट सांगणे भाग होते. त्यांचा जबाब फाइलला लागणार होता आणि अभियंत्याच्या वकिलाला ती फाइल वाचायला मिळणार होती.

"म्हणजे त्याला कळणार?"

"कळणार."

"तुम्हीच सांगा ना त्याला. तुमचं ऐकून घेईल."

"नाही काका. हे तुम्हालाच सांगायला हवं, आणि वकिलाच्या आधी."

अभियंता पुढच्या आठवड्यात वकिलाबरोबर जबाब द्यायला आला. जबाब सरळ होता, त्याने काही लपवले नाही. वकील फोनवर बोलायला बाहेर गेले. आता जे विचारायचे ते तपासाचे नव्हते, पण माझे नाक मला स्वस्थ बसू देईना.

"काकांनी सांगितलं?"

"काल सांगितलं. पण मला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं. ही गोष्ट आम्हा चौघांनाच माहीत होती. मी फोन केला नाही, बायकोनं केला नाही, आणि काकूंना जर्मन येत नाही."

"मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? मी त्यांच्याकडे दोन हिवाळे जेवलो. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, बाबा रे, तू येणं कधी बंद करणार? आता मी त्यांना विचारू, तुम्ही फोन का केलात?"

चौकशीत एका उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा असतो, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षे शिकवले. या उत्तरानंतर मी पेनाला टोपण लावले.

अहवाल मी आहे तसा लिहिला. खोटे लिहून दिले, हे खरे. हप्ता एकही चुकला नाही, हेही खरे. घर कुणासाठी आणि का घेतले, टीप कुणी आणि का दिली, तेही सगळे लिहिले. सहकारीने तो वाचला आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक वाक्य जोडले, की त्या घरातून कुणालाही कसलाही लाभ झाल्याचे आढळले नाही. एवढेच करून ती थांबली नाही. हमी देणाऱ्या कार्यालयात फोन करून तिने विचारले, नियमाप्रमाणे कर्जदाराच्या कुटुंबाने घरात राहायला हवे, बरोबर? गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असे पलीकडचा माणूस म्हणाला. मग त्यांच्याबरोबर आणखी कोण राहू नये, असे कुठे लिहिले आहे का? पलीकडे बराच वेळ पाने उलटल्याचा आवाज आला. म्हणजे, तसे काही लिहिलेले नाही. याद्या संपल्या की काम संपले असे मानणाऱ्या मुलीने यादीत नसलेला प्रश्न विचारला, याचा मला कोण आनंद झाला!

सरकारी वकिलांनी अखेर खटला भरला नाही. एक रक्कम एका धर्मादाय संस्थेला द्यायची आणि कुटुंबाने त्या घरात खरोखर राहायला जायचे, या अटींवर प्रकरण मिटवले. हमीही कायम राहिली. अभियंता बायकामुलांसह राहायला आला, आणि काका-काकू तिथेच राहिले. सहा माणसे, एक न्हाणीघर. रोज सकाळी तिथे कसली रणधुमाळी होत असेल, ते सांगायला नको. कोणत्या डब्यात काय असते ते सून, म्हणजे मानलेली सून, आता शिकली असेल. काका मात्र खूश नव्हते. निरोप घेताना मला म्हणाले, "तुम्ही आम्हाला आणखीच मिंधं करून ठेवलंत."

त्यानंतर मी निवृत्त झालो. एकदा आठवड्याच्या बाजारात बटाटे घेत होतो, तेव्हा मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. काका. दिवाळखोरीची मुदत संपली होती, कर्जातून ते कायद्याने मोकळे झाले होते. जवळच्याच गल्लीत दीड खोलीची जागा पाहून ठेवली होती. पण पतनोंदीवरचा जुना डाग जायला अजून वेळ होता आणि घरमालक भाड्यासाठी हमीदार मागत होता.

"तुम्ही सही करा."

मी चकित झालो. "मुलाला सांगा की. तो आनंदानं करील."

"त्याच्याकडून आणखी काही नको. तुमच्याकडे मागतोय."

"माझ्याकडे कसं काय?"

"तुम्ही माझ्या घरात चौकशी केलीत, माझ्या म्हातारीला थंडीत बाकावर बसवलंत. तुमच्याकडे माझं येणं आहे. तुमच्या सहीचा मी मिंधा होणार नाही."

हा हिशेब मला मान्य नव्हता, पण बटाट्यांची पिशवी उचलून मी येतो म्हटले.

जागा बघायला आम्ही तिघे गेलो. काकू सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि फळ्या मोजू लागल्या. घरमालक काळजीत दिसत होता. त्याच्या हातात काकांची पतनोंद होती. त्याने मला विचारले, तुमचे यांच्याशी नाते काय?

मी तोंड उघडायच्या आत काकाच त्यांच्या सभ्य जर्मनमध्ये म्हणाले, "हे पोलिस आहेत. यांनी आमची सगळी चौकशी केलेली आहे."

घरमालक माझ्याकडे बघत राहिला. "मग? काय आढळलं?"

नोकरीभर मी एकच शोधत आलो, की फायदा कुणाचा. तो सापडला की माणूस सापडतो, असे मला शिकवले होते, आणि मीही पुढे तेच शिकवले. या एका प्रकरणात मी सगळीकडे हुडकले, आणि फायदा कुणाच्याच खिशात निघाला नाही. पोराने स्वतःचे नाव पणाला लावले होते काकांना छप्पर मिळावे म्हणून. काकांनी ते छप्पर सोडायची तयारी केली होती पोराला घर मिळावे म्हणून. दोघांनी कायदा मोडला किंवा वाकवला, आणि दोघांच्या वागण्यात मला स्वार्थ सापडला नाही. पतनोंदीत माणसाने काय बुडवले ते लिहिलेले असते. त्याने कुणाला जेवायला घातले ते लिहायला तिथे जागा नसते. ते शोधायला कुणाच्यातरी घरात जाऊन बसावे लागते.

हे सगळे घरमालकाला सांगत बसलो नाही. "काही आढळलं नाही," असे म्हटले आणि सही केली. आयुष्यात मी कुणासाठी हमी राहिलो ती एवढीच, आणि तिची मला एक दिवसही काळजी वाटली नाही.